सहा एमएमची खोली

रूथ अवसरमल पहिल्यांदा वर्कशॉपवर आली
तेव्हा तिच्याकडे नकाशा नव्हता.
वहीच्या मागच्या पानावर एक चौकोन,
त्यात मोरी, त्यात खाट,
आणि दाराशी लिहिलेलं : इथून बाबा दिसायचे.
मी म्हटलं, ताई, मापं?
तिने दोन्ही हात पसरले,
मग थोडे जवळ घेतले.
मी तेव्हा सात वर्षांची होते, म्हणाली,
त्या हिशोबाने धरा.

घोरपडीचं रेल्वे क्वार्टर. पाडून झालं,
आता तिथे दुचाक्या लावतात.
तिला ते परत उभं करायचं होतं,
विटा नकोत, पत्रा नको,
फक्त कडा.
भवानी पेठेत तीस वर्षं मी ग्रिलं करतोय,
चोर आत येऊ नये म्हणून लोक पैसे देतात.
हिला कुणीही कुठूनही आत यायला हवं होतं.

सहा एमएमची सळई म्हणाली.
मी म्हटलं, हलेल.
हलू दे.
रेड ऑक्साइड मारतो म्हटलं, तर तेही नको.
गंजू दे, मैनुद्दीनभाई,
तेवढं तरी तिचं तिला करू दे.

दोन आठवडे भांडलो.
मी गुण्या लावायचा, ती म्हणायची चुकलं,
हा कोपरा असा नव्हता,
इथे बाबा टेकून बसायचे, त्याला जरा पोक आलेला.
कोपऱ्याला पोक!
तीस वर्षांत मी जाणूनबुजून कोपरा वाकडा केला नव्हता.
हातोडी घातली.
त्या रात्री जेवताना आमच्याच भिंती बघत बसलो,
कुणाच्या पाठीने कुठे काय झालंय.
बायको म्हणाली, पाल आहे का?

मुंढव्याला, रुळाकडेच्या बंद गोदामात
प्रदर्शन लागलं.
पांढरे दिवे, बारीक अक्षरांची पाटी.
लोक खोलीतून आरपार गेले.
एकजण भिंतीत उभा राहून फोनवर बोलला.
मला राग आला. का आला कळेना,
भिंत मीच तर ठेवली नव्हती.

शेवटच्या रविवारी, चर्च सुटल्यावर
तिची आई आली, सुशीलाबाई.
दारापाशी, म्हणजे दोन उभ्या सळयांपाशी,
चपला काढल्या.
कुणी सांगितलं नव्हतं.
आत येऊन म्हणाल्या,
हे उलटं झालंय गं. मोरी डावीकडे.
नाही आई, उजवीकडे. मला खाटेवरून दिसायची.
खाटेवर तू उलटी निजायचीस,
पायथ्याला डोकं करून, आणि तुझे बाबा
तिथेच बोलता बोलता थांबल्या.

हात वर गेला.
डोक्याच्या वर, जिथे फळीची सळई होती,
तिथे पाची बोटं पसरून
तळवा आडवा धरला.
आम्हाला काहीच ऐकू येत नव्हतं.
मग जमीन थरथरली.
सोलापूरकडची गाडी.
सबंध खोली गुणगुणायला लागली,
माझा एकेक जोड,
आणि ती बाई
नसलेली ताटं धरून उभी,
शेवटचा डबा जाईपर्यंत.

हात खाली आला तेव्हा तिचं तिलाच हसू आलं.
चार होती, म्हणाली. एक पितळेचं.

रात्री मी ग्राइंडर नेला.
मोरी कापून डावीकडे लावू का?
रूथ म्हणाली, राहू दे.
मग म्हणाली, नाही, लावा.
मग बराच वेळ काही नाही.
मी वायर गुंडाळली.

खोली सुटी केली, जुन्या बाजारात वजनाला घातली.
खाट, मोरी, दार, पोक आलेला कोपरा,
सगळं मिळून एकोणीस किलो.
भंगारवाल्याने गंजाचा अर्धा कापला.
एरवी मी घासाघीस करतो.